'घर' की 'गर'? : मेंदू जग कसे घडवतो आणि आपण चूक कशाला म्हणतो



आजच्या लेखाची सुरुवात श्रुतलेखनाच्या एका वहीतून करते.

दुसरीचा वर्ग. मी दहा शब्द सांगितले. आमच्या जिवतीच्या पहाडावरच्या एका कोलाम मुलाने 'घर'चे 'गर' लिहिले, 'खार'चे 'कार', 'ढोल'चे 'डोल' आणि 'भात'चे 'बात'. मी लाल पेनाने गोल केले आणि त्याला जवळ बोलावले. म्हटले, "नीट ऐक. ग... घ. ग... घ. कळला फरक?" तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, दोन्ही एकच तर आहे."

मला वाटले, लक्ष नाही पोराचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग वाटले, कानात काही दोष असेल. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक आले तेव्हा मुद्दाम त्याचे कान तपासून घेतले. कान एकदम ठीक होते.

त्याच आठवड्यात वर्ग घेऊन जवळच्या ओढ्यापर्यंत परिसर भेटीला गेलो होतो. हाच मुलगा मध्येच थांबला आणि झुडपाकडे बोट करून म्हणाला, "मॅडम, रानकोंबडी." मला फक्त पाने दिसत होती. पोरं हसायला लागली, कारण सगळ्यांना ती दिसत होती. तो म्हणाला, "नीट पाहा ना मॅडम!" मी नीटच पाहत होते. ती उडाली तेव्हा कुठे मला दिसली.

माझे डोळे चांगले, त्याचे कान चांगले. तरी मला रानकोंबडी दिसत नव्हती आणि त्याला 'घ' ऐकू येत नव्हता. हे असे का होते, ते शोधताना जे वाचले आणि वर्गात करून पाहिले, ते या लेखात मांडते आहे.

संवेदन आणि अवबोध

डी.एड.ला असताना आपण सगळ्यांनी एक सूत्र पाठ केले आहे : संवेदन + अर्थ = अवबोध. परीक्षेत दोन गुण मिळाले आणि आपण ते विसरलो. पण वर्गातल्या निम्म्या अडचणी याच सूत्रात आहेत.

डोळ्यावर प्रकाश पडतो, कानावर आवाजाच्या लहरी आदळतात, हे झाले संवेदन. त्यातून 'ही रानकोंबडी', 'हा घ' असा अर्थ लागतो तो अवबोध. संवेदन डोळ्यात आणि कानात सुरू होते, अवबोध मात्र मेंदूत घडतो. आपल्याला वाटते की डोळा कॅमेऱ्यासारखा फोटो काढतो आणि मेंदू तो नुसता पाहतो. तसे नाही. डोळ्याच्या दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या 12 कोटींहून अधिक पेशी असतात, पण डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या चेतातंतूंची संख्या साधारण 10 लाखच. म्हणजे माहिती गाळून, आटवून वर पाठवली जाते. उरलेले चित्र मेंदू आपल्या अनुभवावरून भरतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच म्हणून ठेवले होते की पाहणे म्हणजे नकळत केलेले अनुमान आहे.

म्हणजे मेंदू सतत अंदाज बांधत असतो. डोळे आणि कान त्या अंदाजाला 'बरोबर' किंवा 'चूक' अशी खूण करत असतात. हे नुसते वाचून पटत नाही, म्हणून आधी तीन कृती करून बघा. तिसरी-चौथीच्या मुलांनाही या सहज जमतात.

कृती 1 : गायब होणारा ठिपका

साहित्य : पांढरा कागद, काळा पेन.

कागदावर डावीकडे एक फुली काढा. तिच्या उजवीकडे 8 सेंमी अंतरावर बोराएवढा काळा ठिपका काढा. डावा डोळा हाताने झाका. उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे पाहत कागद हळूहळू जवळ आणा. साधारण 30 सेंमीच्या आसपास ठिपका गायब होतो!

असे का? दृष्टिपटलावरून चेतातंतूंची जुडी जिथून बाहेर पडते तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. हाच अंधबिंदू. आता ठिपक्यातून जाणारी एक आडवी रेघ काढा आणि पुन्हा करा. ठिपका जातो, पण रेघ सलग दिसते. ज्या जागेची काहीच माहिती नाही, तिथे मेंदूने रेघ स्वतःच भरली. हे भोक आयुष्यभर आपल्या नजरेत असते आणि आपल्याला पत्ताही नसतो.

कृती 2 : तीन भांडी

एका भांड्यात थंड पाणी, दुसऱ्यात सोसवेल इतके गरम, मधल्यात कोमट. एक हात थंडात आणि दुसरा गरमात अर्धा मिनिट ठेवा. मग दोन्ही हात एकदम कोमट पाण्यात घाला. एक हात म्हणतो गरम, दुसरा म्हणतो थंड. पाणी एकच! दोन्ही हात खरेच सांगतात, कारण प्रत्येक हात आधीच्या अनुभवाशी तुलना करतो.

कृती 3 : फळ्यावरचा 'ख'

फळ्यावर जुन्या वळणाचा 'ख' काढा, म्हणजे 'र' आणि 'व' खाली न जोडता. आता लिहा : 'मुलांनी खाऊ खाल्ला' आणि 'बस चंद्रपूरला रवाना झाली'. दोन्ही वाक्यांत आकृती एकच, पण वाचणारा पहिल्यात 'ख' वाचतो आणि दुसऱ्यात 'रव'. कोणी अडखळत नाही. नुकतेच वाचायला शिकलेले मूल मात्र अडखळते, कारण वाक्यावरून शब्दाचा अंदाज बांधायचा अनुभव अजून त्याच्याजवळ नाही. हा गोंधळ टाळण्यासाठीच आता 'ख' खाली जोडून लिहिला जातो.

रानाने घडवलेला मेंदू

मेंदू असा अंदाजपंचे का चालतो? कारण तो परीक्षेत गुण मिळवण्यासाठी घडलेला नाही, जगून राहण्यासाठी घडला आहे.

आपल्या जिल्ह्यातला वाघ घ्या. आपल्याला तो केशरी दिसतो, हिरव्या रानात उठून दिसतो. मग चितळाला तो कसा दिसत नाही? माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात, हरणांच्या डोळ्यात दोनच प्रकारच्या. त्यामुळे केशरी आणि हिरवा हा फरक चितळाला जवळजवळ कळत नाही. त्याच्यासाठी वाघ झाडोऱ्याच्याच रंगाचा. झाडावरच्या वानराला मात्र आपल्यासारखेच तीन प्रकार असतात. तो उंचावरून वाघ पाहतो, खाकरतो आणि त्याच्या आवाजाने खालचे चितळ सावध होते. एकच रान, एकच वाघ, पण प्रत्येकाच्या मेंदूतले जग वेगळे. हिरव्या पानांत पिकलेले फळ आणि कोवळी पालवी ओळखायला ही तीन रंगांची नजर उपयोगी पडली असावी, असे बरेच शास्त्रज्ञ मानतात. आपली मुले टेंभुर्णीच्या झाडावर पिकलेले फळ लांबून कसे हेरतात ते आठवा.

दुसरे उदाहरण आपल्या म्हणीतच आहे : साप म्हणून भुई धोपटणे. अंधारात दोरी पडलेली असते, आपण उडी मारतो. आपण याला घाबरटपणा म्हणतो. पण विचार करा. दोरीला साप समजणाऱ्याचे काय गेले? एक उडी. सापाला दोरी समजणारा मात्र जीवानिशी गेला. लाखो वर्षे जे आधी उडी मारून नंतर विचार करणारे होते, त्यांचीच पिढी पुढे चालली. आपण त्यांचेच वंशज आहोत. म्हणून मेंदू अपुऱ्या माहितीवर झटकन निर्णय घेतो, आणि कधी कधी चुकतो.

यात एक गोष्ट आपल्या कामाची आहे. मेंदूची मूळ जडणघडण लाखो वर्षांची, पण त्यातले बारकावे मूल जन्मल्यावर, ज्या परिसरात वाढते त्या परिसराने भरले जातात. रानकोंबडी ओळखणारी नजर त्या मुलाने पहाडावर रोज चालून कमावली आहे. ती मी कमावलेली नाही, म्हणून मला पानेच दिसली.

कानही घडवावा लागतो

आता 'घर' आणि 'गर'कडे येऊ.

1984 साली कॅनडातल्या जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या बाळांना हिंदीतले 'ट' आणि 'त' ऐकवले. आपल्याला हा फरक किती सोपा! पण इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना तो ऐकू येत नाही, कारण त्यांच्या भाषेत असे दोन वेगळे ध्वनी नाहीत. गंमत अशी की 6 ते 8 महिन्यांच्या बहुतेक बाळांना हा फरक कळत होता, आणि 10 ते 12 महिन्यांची बाळे तो ओळखेनाशी झाली होती. त्याच वयाच्या हिंदी घरातल्या बाळांना मात्र तो कळत होता.

म्हणजे बाळ जन्मते ते जगातल्या कितीतरी भाषांचे ध्वनी ओळखण्याची तयारी घेऊन. पहिल्या वर्षातच मेंदू ठरवतो की माझ्या घरात कोणते फरक कामाचे आहेत. जे कामाचे, ते धारदार होतात. जे कधी ऐकलेच नाहीत, ते तो एका खान्यात टाकून देतो. हा दोष नाही, ही मेंदूची काटकसर आहे. शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के असलेला मेंदू शरीराची सुमारे 20 टक्के ऊर्जा वापरतो, त्याला काटकसर करावीच लागते.

कोलामी आणि गोंडी या द्राविडी कुळातल्या भाषा आहेत, तेलुगूच्या नात्यातल्या. ख, घ, ठ, ढ, भ असे श्वासाचा जोर लावून म्हणायचे महाप्राण ध्वनी मूळ द्राविडी भाषांत नाहीत. इतर भाषांतून आलेल्या शब्दांबरोबर ते आले. ज्या मुलाच्या घरात 'ग' आणि 'घ' हा फरक कधी कामाचाच नव्हता, त्याच्या मेंदूने दोन्ही एका खान्यात ठेवले. तो मला खरेच सांगत होता : "मॅडम, दोन्ही एकच तर आहे."

आणि मी लाल गोल काढत होते.

जिवती तालुक्यात एका वर्गात कोलामी, गोंडी, बंजारा, तेलुगू आणि मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांची मराठी, असे सगळे एकत्र बसलेले असतात. बंजारा मुलाला 'घर' अजिबात अवघड जात नाही, कारण त्याच्या घरीही 'घर'च आहे. मग आपण नकळत एकाला हुशार आणि दुसऱ्याला ढ म्हणतो. हा फरक बुद्धीचा नसून पहिल्या वर्षात कानावर काय पडले याचा आहे. मोठेपणी हे शिकता येत नाही असेही नाही. वेळ लागतो, आणि फरक मुद्दाम दाखवून द्यावा लागतो, एवढेच.

अक्षरे मेंदूला नवीनच आहेत

माणूस लिहायला लागून जेमतेम 5,000 वर्षे झाली. मेंदूच्या दृष्टीने हा काळ काहीच नाही. वाचनासाठी वेगळा भाग घेऊन कोणतेच मूल जन्मत नाही. फ्रान्सचे मेंदूवैज्ञानिक स्टानिस्लास देहान यांनी मांडले आहे की चेहरे, प्राणी, वस्तू ओळखणाऱ्या जुन्या यंत्रणेलाच आपण अक्षरे ओळखायला लावतो.

यातून पहिलीतला एक नेहमीचा त्रास उलगडतो. मुले 3 उलटा काढतात, तो 6 होतो. (मराठी ३ आणि ६ शेजारी लिहून पाहा, जवळजवळ आरशातले जोडीदार आहेत.) कित्येक पालक घाबरून येतात, "मॅडम, पोरगा उलटं लिहितो, काही आजार तर नाही ना?" बघा, रानात वाघ डावीकडे तोंड करून असो की उजवीकडे, तो वाघच. बैल इकडून पाहिला काय, तिकडून पाहिला काय, तोच बैल. आरशातली प्रतिमा म्हणजे तीच वस्तू, हे मेंदूचे जुने आणि अतिशय उपयोगी शहाणपण आहे. अक्षरांच्या दुनियेत मात्र आपण मुलाला अचानक सांगतो की तोंड फिरवले की वस्तूच बदलते! जुने शहाणपण बाजूला ठेवायला त्याला थोडा वेळ हवाच. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत असे अधूनमधून होणे स्वाभाविक आहे. त्यानंतरही सतत होत असेल आणि वाचनही अडत असेल, तर तज्ज्ञांना जरूर दाखवावे.

हा बदल मोठेपणीही होतो. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर महिलांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवून आधी आणि नंतर त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले गेले. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मेंदूच्या आतल्या, जुन्या भागांचा दृष्टीच्या भागाशी असलेला संपर्क बदललेला आढळला. त्या महिला सरासरी तिशीतल्या होत्या. 'आता या वयात काय शिकणार' म्हणणाऱ्या आपल्या शाळेतल्या आयांना हे जरूर सांगा.

डोळे मिळाले, पण पाहणे शिकावे लागले

1688 साली विल्यम मॉलिन्यू यांनी तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना एक प्रश्न लिहून पाठवला होता. जन्मांध माणूस गोल आणि घन हाताने ओळखतो. त्याला अचानक दृष्टी आली, तर नुसते बघून तो त्यातला गोल कोणता ते सांगू शकेल का?

याचे उत्तर भारतातल्या मुलांनी दिले. डॉ. पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये जन्मजात मोतीबिंदू असलेल्या मुलांवर मोफत शस्त्रक्रिया होतात. 8 ते 17 वयाच्या अशा पाच मुलांवरचा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. पट्टी निघाल्यावर लगेच, हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखायला सांगितली तेव्हा त्यांची उत्तरे अंदाजाने ठोकल्यासारखीच होती. काही दिवसांनी ज्यांची पुन्हा चाचणी घेतली, ती मुले बरीच चांगली ओळखू लागली होती. डोळा एका दिवसात उघडला, पण पाहायला मेंदू अनुभवातून शिकला.

आता मोबाइलचे जग

पहाडावर नेटवर्क धड नसले तरी मोबाइल घरोघरी पोचला आहे. मागच्या वर्षी पहिलीतल्या एका मुलीने पाठ्यपुस्तकातले मोराचे चित्र मोठे करायला त्यावर दोन बोटे फाकवली. मला हसू आले आणि मग विचारात पडले. तिच्या मेंदूने 'चित्र' या गोष्टीचा अंदाजच असा बांधला होता की बोटे फाकवली की ते वाढते.

मोबाइल वाईटच, असे मला म्हणायचे नाही. मीही वर्गात व्हिडिओ दाखवते. पण एक प्रयोग प्रत्येक पालकाला माहीत असावा. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया कुल आणि सहकाऱ्यांनी 2003 साली 9 महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली. एका गटाशी चिनी बोलणारी माणसे प्रत्यक्ष खेळली, पुस्तक दाखवत बोलली. अशा फक्त 12 बैठका झाल्या. दुसऱ्या गटाला तीच माणसे, तेच बोलणे टीव्हीवर दाखवले. पहिल्या गटाला चिनी ध्वनींमधला फरक कळू लागला. टीव्हीच्या गटाने काहीच शिकले नाही. शब्द तेच होते, पण बाळाकडे बघून बोलणारे, त्याच्या हसण्याला उत्तर देणारे माणूस समोर नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले आहे की 2 वर्षांच्या आतल्या बाळांना स्क्रीन नकोच, आणि 2 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त 1 तास, त्याहून कमी असेल तर उत्तम. शेतात, तेंदूपत्त्याच्या हंगामात आईबाप थकून येतात, पोर रडते, मोबाइल हातात दिला की गप्प बसते. हे मला समजते, त्यावर नाके मुरडण्याचा मला अधिकार नाही. पण घरात आजी असेल तर तिच्या मांडीवर, तिच्या बोलीत बाळाला जे मिळते, ते मोबाइल देऊ शकत नाही.

वर्गात मी काय बदलले

1. आधी तपासणी. सतत चुकणाऱ्या मुलाचे कान आणि डोळे तपासून घ्या. दोष असेल तर आधी तो दूर होऊ द्या.

2. कागदाची पट्टी. तोंडासमोर वहीच्या कागदाची अरुंद पट्टी धरून 'क' म्हणा, मग 'ख' म्हणा. 'ख'ला पट्टी हलते. जो फरक कानाला कळत नाही, तो आधी डोळ्याला दाखवा आणि तळहाताला जाणवू द्या.

3. जोड्यांचे खेळ. कार-खार, डोल-ढोल, बात-भात, गोडा-घोडा, टोक-ठोक. चित्रे ठेवा, शब्द म्हणा, मुलाने चित्र उचलावे. ऐकणे आधी, लिहिणे नंतर. आवाज एकट्या मॅडमचा नको. वर्गातल्या मुलांनीही आळीपाळीने शब्द म्हणावेत, म्हणजे वेगवेगळ्या गळ्यातला 'घ' कानावर पडतो.

4. घरची भाषा फळ्यावर. 'घर'ला तुझ्याकडे काय म्हणतात? कोलामीत एल्ला, गोंडीत रोन, तेलुगूत इल्लु. आम्ही सगळे शब्द देवनागरीत फळ्यावर लिहितो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर दिला आहे. मला कोलामी येत नाही, पण मुलांकडून शिकते आहे. उच्चार चुकले की ती खो खो हसतात. चुकणे म्हणजे काय ते मलाही कळते.

5. लाल गोल काढण्याआधी एक प्रश्न : "तुला काय ऐकू आलं?" किंवा "तुला काय दिसलं?" उत्तर ऐकले की चूक कुठे आहे ते कळते. बहुतेक वेळा ते आळशीपणात नसते.

पालकांसाठी दोन शब्द

घरी तुमच्या भाषेतच भरपूर बोला. 'शाळेत मराठी आहे म्हणून घरीही मोडकी मराठीच बोलू' असे करू नका. ज्या भाषेत तुम्ही मोकळे बोलता, त्याच भाषेत मुलाचा मेंदू भरभरून घडतो, आणि दुसरी भाषा त्याच पायावर उभी राहते. मुलाला सोबत रानात, शेतात न्या, पक्षी, पाने, वाटा ओळखायला लावा. तेही शिक्षणच आहे.

तो मुलगा आता तिसरीत आहे. अजूनही कधी 'भात'चे 'बात' लिहितो. पण लिहिण्याआधी थांबतो, तळहात तोंडासमोर धरतो, शब्द पुटपुटतो आणि मग लिहितो. मागच्या श्रुतलेखनात दहापैकी आठ बरोबर आले. परिसर भेटीला निघालो की मी त्याच्या मागे चालते. आतापर्यंत दोनदा मला रानकोंबडी त्याने न सांगता दिसली आहे.